खुंट्यावरचा हात

बीड जिल्ह्यात पाऊस दडी मारून बसला की वर्तमानपत्रांत एक मथळा हमखास येतो: दुष्काळाच्या जात्यात शेतकरी भरडला. पुढच्या वर्षी महागाईच्या जात्यात सामान्य माणूस भरडला जातो, त्याच्या पुढच्या वर्षी कर्जाच्या जात्यात आणखी कुणी. हे शब्द इतके सरावाचे झालेत, की त्यात काय राहून गेलंय हे ध्यानात येत नाही. त्यात जातं आहे, दाणा आहे, भरडणं आहे. दळणारं मात्र कुणी नाही. आपल्याकडचं घरगुती जातं पाण्यावर चालत नव्हतं की वाऱ्यावर. खुंट्याला हात लागल्याशिवाय त्याची तळी बोटभरही हलत नसे. तरी भाषेतलं जातं मात्र आपोआप फिरतं, आणि ते तसं फिरतंय असं मानण्यात धर्मविचाराचाही मोठा वाटा आहे. जात्याकडं दोन बाजूंनी पाहता येतं, दाण्याच्या आणि दळणाऱ्या हाताच्या. दाण्याच्या बाजूनं लावलेला अर्थ मृत्यूपुरता खरा आहे. जगण्याच्या व्यवहाराला तो लावला की अन्याय झाकला जातो. आणि मराठी मुलखातल्या भक्तीनं दुसऱ्या बाजूनं लावलेला अर्थ कधीच समोर ठेवलाय, आपण तो नुसता गोड गोष्ट म्हणून ऐकतो, असं मला वाटतं.

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावात आज कुणी ‘दळण टाकून ये’ म्हटलं तर ज्वारीचा डबा गिरणीवर पोचवायचा असतो. जातं बाहेर निघतं ते लग्नघरात. पाच सवाष्णी बसतात, जात्याला हळदकुंकू लागतं, हळद दळली जाते, आणि जातं पुन्हा भिंतीला टेकतं. वापर संपला तरी बोलण्यातलं जातं शाबूत आहे. तेच तेच बोलणाऱ्याला आपण ‘काय तेच दळण लावलंय’ म्हणतो. म्हणींत तर ते तीन तऱ्हांनी येतं. जात्यातले रडतात, सुपातले हसतात. ही झाली दाण्याची म्हण. जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही दळणारणीची. आणि आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. ही दळणाऱ्या हाताची नि पिठाची ताटातूट झाल्याची. पहिली म्हण कीर्तनात, मौतीच्या घरी, निवडणुकीच्या निकालानंतर, कुठंही चालते. तिच्यात करुणा आहे हे मान्य करायला हवं. आज तू हसतोस, उद्या तुझीच पाळी आहे, हे उन्मत्त माणसाला बजावायला याहून नेमकं वाक्य मराठीत सापडणं कठीण. पण ती ज्यांना समान ठरवते ते सगळे दाणे आहेत. सूप कुणाच्या हातात आहे हे ती विचारत नाही. तिसरी म्हण तेच विचारते, म्हणून असेल, ती कीर्तनात क्वचित ऐकू येते.

दाण्याच्या बाजूचा सर्वांत थोर प्रवक्ता म्हणजे कबीर. चालती चक्की पाहून त्याला रडू आलं, कारण दोन दगडांमध्ये सापडलेलं काहीच साबूत राहत नाही, हा त्याच्या नावावरचा दोहा महाराष्ट्रातही घरोघर ठाऊक आहे. त्यावर त्याच्या मुलानं, कमालनं, दिलेलं उत्तरही सांगितलं जातं: मधल्या मेखेला धरून राहिलेला दाणा वाचतो, तसा ईश्वराला धरून राहिलेला माणूस तरतो. प्रवचनकारांना हे उत्तर फार आवडतं. पण जो कुणी कधी जात्यावर बसला असेल त्याला त्यातली अडचण लगेच कळेल. मूठ वैरली की दाणे मेखेपाशीच पडतात. तिथं दोन तळ्यांमध्ये फट जास्त असते म्हणून ते लगेच फुटत नाहीत; तळी फिरेल तसे ते बाहेरच्या बाजूला सरकतात, आधी भरड होते, मग कडेला पोचेतो पीठ. पुढची मूठ पडली की मेखेजवळच्यालाही जागा सोडावी लागते. म्हणजे मेखेजवळचा दाणा वाचलेला नसतो, त्याची वेळ आलेली नसते एवढंच. दळण आटोपलं की वरची तळी उचलून कुंच्यानं झाडून घेतात. तेव्हा जे दोन-चार दाणे खरोखर अखंड निघतात ते पुढच्या दळणात जातात नाहीतर कोंबड्यांपुढं पडतात. कमालचं उत्तर बापाच्या दुःखावर घातलेली फुंकर आहे, पण ते दुरून जातं पाहणाऱ्याचं उत्तर आहे.

इथं कुणी म्हणेल, कबीर स्वतः विणकर होता, हातानं काम करणारा होता, त्याला दळणाऱ्याची बाजू कळत नव्हती असं कसं म्हणता? बरोबर आहे, आणि त्याच्याच नावावर दुसराही दोहा आहे, ज्यात तो मूर्तीच्या दगडापेक्षा चक्कीचा दगड भला ठरवतो, कारण तिचं दळलेलं जग खातं. एकाच माणसाच्या नावावर चक्कीचे दोन अर्थ आहेत: एकात ती मारते, दुसऱ्यात जगवते. परंपरेनं पहिला उचलला, त्यावर वैराग्य उभं केलं, आणि दुसरा मूर्तिपूजेच्या वादात ढकलून दिला. आपल्याकडं तर मूर्तीचा आणि जात्याचा दगड बहुतेक एकच, काळा पत्थर. घडवणारे हातही पाथरवटाचे, वडाराचे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही ही म्हण देव्हाऱ्यातल्या दगडासाठी राखून ठेवलेली असली, तरी जात्याला टाकी दर काही महिन्यांनी लागत असे, आणि त्या घावांनी त्याला देवपण आलं असं म्हणायला कुणी पंडित पुढं आला नाही.

शास्त्रानं जात्याकडं कसं पाहिलं? मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातल्या पाच ‘सूना’, म्हणजे हिंसेच्या जागा, सांगितल्यात: चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यांच्या वापरात नकळत जीव मरतात, म्हणून त्यांचं पाप गृहस्थाला लागतं, आणि त्याची निष्कृती पंचमहायज्ञांनी करायची. या विचाराची टिंगल करायचं कारण नाही. खाणं म्हणजे कुणाचं तरी मरणं, आणि त्याचं भान ठेवून वेद शिकवावा, पितरांना, देवांना, भूतमात्रांना आणि अतिथीला त्यांचा वाटा द्यावा, यात मोठा प्रामाणिकपणा आहे. पण यादी पुन्हा वाचावी. पाचही साधनं बाईच्या हातातली. पाचही यज्ञांचा यजमान पुरुष. पाप मोजताना जात्याखाली सापडलेली मुंगी मोजली गेली, खुंटा फिरवून हाताला पडलेले घट्टे मोजले गेले नाहीत. विवाहविधीतही तसंच. आश्वलायन गृह्यसूत्रात अग्नीच्या पश्चिमेला वाटण्याचा दगड ठेवून वधूला त्यावर उभं करायला आणि दगडासारखी स्थिर हो असं सांगायला म्हटलंय. स्थिर राहण्याचा उपदेश दगडावर उभं करून द्यायचा आणि मग आयुष्यभर दगड फिरवायला लावायचा, यातली गंमत सूत्रकाराच्या लक्षात आली नसावी.

आता दुसरी बाजू. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 12व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे मराठीतला पहिला मोठा ग्रंथ लिहिला जाण्याआधीच ओवी उखळापाशी होती, आणि उखळाच्या शेजारीच जातं. अंबाजोगाईला ज्यांची समाधी आहे त्या मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ लिहिला, परंपरेच्या हिशेबानं शके 1110 मध्ये, म्हणजे 1188 साली, तो ओवीत. ज्ञानेश्वरी 1290 ची, तीही ओवीत. ग्रंथाची ओवी आणि गळ्यातली ओवी यांच्या बांधणीत फरक आहे, अभ्यासकांनी तो दाखवलाय, आणि एक दुसरीची सरळ मुलगी आहे असा दावा करायची गरज नाही. पण अद्वैत सांगायला निघालेल्या पंडितांनी संस्कृतातली डौलदार वृत्तं बाजूला ठेवून बायकांच्या कामाशी जोडलेल्या छंदाचं नाव आणि चाल घेतली, हे काही अपघातानं होत नाही. युसूफ वडगावच्या शेजारच्याच तालुक्यात मराठी तत्त्वज्ञानाचं एक आद्यपीठ आहे, आणि त्या तत्त्वज्ञानाच्या पायाशी कष्टाची लय आहे.

त्या बायकांनी जात्याला काय मानलं हे आता अंदाजानं सांगावं लागत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतल्या एक लाखावर ओव्या जमा झाल्या. जात्याला ‘ईश्वर’ म्हणून हाक मारणं ही त्यांतली जुनी रीत. नवऱ्याला, सासूला, शेजारणीला सांगता येत नाही ते जात्याला सांगायचं, असं त्या गातात. हा ईश्वर तारणारा नाही, मोक्ष देत नाही. तो ऐकतो, आणि हात फिरेल तितकाच फिरतो. वैराग्यवाल्यांना जात्यात काळ दिसला. पहाटे तीनला उठून पायलीभर ज्वारी दळणाऱ्या बाईला त्यात सोबत दिसली. दोघंही एकाच दगडाकडं पाहत होते. फरक बसण्याच्या जागेचा होता.

जनाबाईची कथा या जागेवरूनच समजून घ्यायला हवी. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची ही मुलगी पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी होती. विठ्ठल तिला दळू लागला, ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की तिची धार गेली. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं म्हणून दाखवतात, वारकरी ते फिरवून पाहतात, आणि पुढं जातात. कथेत देवानं काय केलं ते नीट पाहावं. त्यानं कष्टाची थोरवी सांगितली नाही. तुझं दळण हीच तुझी पूजा, असं म्हणून तो विटेवर उभा राहिला नाही. तो खाली बसला आणि खुंट्याला हात लावला. जातं एकट्यानं ओढण्यात आणि समोर दुसरं माणूस असण्यात केवढा फरक आहे, हे ज्यांनी दळलंय त्यांना सांगावं लागत नाही. गोष्टीचा पुढचा भाग तर आपण पळवतच सांगतो. घाईत निघताना देवाचं पदक आणि शेला जनाबाईकडं राहिला आणि तिची वाकळ पांघरून देव देवळात गेला. पदकाचा शोध घेत बडवे तिच्या झोपडीत आले, तिला चोर ठरवलं, सुळावर द्यायला नेलं, आणि सुळाचं पाणी झालं. शेवटच्या चमत्कारावर टाळ्या पडतात. मला चमत्कारापेक्षा आरोप महत्त्वाचा वाटतो. देव दासीच्या कष्टात वाटेकरी झाला, हे देवळाच्या व्यवस्थेला एकाच शब्दात कळलं: चोरी. ज्यानं ही कथा रचली त्याला जात्याचं राजकारण पक्कं ठाऊक होतं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: हे सगळं कष्टांचं उदात्तीकरण आहे. गिरणी आली तेव्हा एकाही बाईनं जात्यासाठी आसवं गाळली नाहीत. पहाटेची झोप, पाठीचा कणा, गरोदरपणातले हाल, हे ओवीच्या गोडव्यात विसरणारे बहुतेक पुरुष आणि शहरातले. आक्षेप खरा आहे, आणि जात्याचं पुनरुज्जीवन करा, हातदळणीचं पीठ पौष्टिक, असं सांगणाऱ्यांना तो सुनवायलाच हवा. पण माझ्या म्हणण्याला तो लागू पडत नाही. दळणं पवित्र आहे असं मी म्हणत नाही. दळणाऱ्या हाताच्या बाजूनं पाहिलं की धर्माचा प्रश्न बदलतो, एवढंच म्हणतो. दाण्याच्या बाजूनं प्रश्न पडतो: मी कसा वाचेन? हाताच्या बाजूनं पडतो: हे ओझं कुणावर आहे, माझा हात तिथं लागतो का, आणि पीठ कुणाच्या ताटात जातं? गिरणी लावणाऱ्यानं त्या प्रश्नाचं एक उत्तर दिलं, आणि ते चांगलं होतं. विनोबा 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात होते. तुरुंगातलं दळण ही शिक्षा असताना ते त्यांनी आपणहून केलं, आणि त्याच मुक्कामात गीतेवर प्रवचनंही दिली. ते वेगळं उत्तर. दोन्ही उत्तरं मेखेला चिकटून बसण्यातून निघालेली नाहीत.

दुसरा आक्षेप: ही भक्ती शेवटी विठ्ठलाचीच, म्हणजे ज्या धर्मानं बाईला आणि दलिताला जात्याशी बांधलं त्याच धर्मातली सांत्वना. याला उत्तर बीड जिल्ह्यातच आहे. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या 1996 साली ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत विठ्ठलाच्या जागी बुद्ध आहे, बाबासाहेब आहेत, रमाबाई आहेत. 1956 नंतर त्या बायकांनी देव बदलला, धर्म बदलला. ओवी टाकून दिली नाही. जात्यावर बसून मिळालेलं भान कुठल्या एका देवाच्या मालकीचं नव्हतं, हे त्यांनी दाखवून दिलं. उलट, हात कुणाचा नि पीठ कुणाचं हे ज्यांना सर्वांत आधी कळलं त्यांनीच ते गाण्यात सर्वांत स्पष्ट मांडलं.

तिसरा आक्षेप तत्त्वज्ञाचा. जातं म्हणजे काळ, काळाला हात नसतो. दळणारीही शेवटी दाणाच. मृत्यूबाबत मी हे निमूट कबूल करतो, तिथं कबीराचं रडूच खरं. पण आपण ती प्रतिमा मृत्यूपुरती ठेवलेली नाही. दुष्काळ, कर्ज, मजुरी, सगळं त्याच जात्यात टाकलंय. पाऊस न पडणं दैवाचं असेल. 2016 मध्ये केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पण त्याआधीच्या वर्षांत याच कोरडवाहू मुलखात ऊस किती लावायचा, कुणाच्या मोटारीला पाणी द्यायचं, हे कुणीतरी ठरवलंच होतं. उलटही घडलंय. 1972 च्या दुष्काळात लोक खडी फोडत होते आणि परदेशातून आलेली लाल मिलो दळून खात होते, त्यातून, वि. स. पागे यांच्या आग्रहानं, 1977 चा रोजगार हमी कायदा झाला. दुष्काळाला हात नसतो असं मानून बसले असते तर काम मागण्याचा हक्क कायद्यात आलाच नसता.

बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात एक लहानशी आज्ञा आहे: कुणाचं जातं, किंवा जात्याची वरची तळीसुद्धा, गहाण घेऊ नये, कारण ते त्याचं जगणंच गहाण घेणं होय. खालची तळी घरात ठेवून वरची नेली तरी जातं बंद पडतं, हे त्या आज्ञेच्या कर्त्याला माहीत होतं. आपल्याकडं आता जातं कुणी गहाण घेत नाही. बीड जिल्ह्यात दसऱ्याच्या आगेमागे ऊसतोडीचा मुकादम उचल देतो आणि नवरा-बायकोची जोडी, एक कोयता, हंगामापुरती बांधली जाते. उचल बहुतेक नवऱ्याच्या हातात पडते. मोळ्या बांधून डोक्यावरून वाहते ती बाई, वर कोपीवरचा स्वयंपाकही तिचाच. 2019 मध्ये जिल्ह्यात सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कामात खाडा पडू नये, दंड बसू नये, ही भीती त्यामागं होती असं अनेकींनी सांगितलं. याला परिस्थितीचं जातं म्हणणं म्हणजे मुकादम, कारखाना, दवाखाना आणि साखर खाणारे आपण, सगळ्यांचे हात पदराखाली झाकणं.

हंगाम संपवून टोळ्या चैत्र-वैशाखात गावी परततात. युसूफ वडगावपासून गंगाखेडपर्यंत गावोगावी हरिनाम सप्ताह होतात, आणि सात दिवसांत एकदा तरी जनाबाईचं आख्यान लागतंच. कीर्तनकार महाराजांना एवढीच विनंती, की त्या दिवशी सुळाच्या पाण्यावर टाळ्या घेण्याआधी चोरीचा आरोप कुणी केला आणि का, ते सविस्तर सांगावं. आणि समोर बसलेल्या मुकादमांकडं, सोसायटीच्या चेअरमनकडं पाहून सांगावं.